शालीखालचा दाम

आटपाट नगर होतं, पण अगदी चिमुकलं, कोंबडा आरवला की सगळ्यांना एकदमच जाग येई एवढं. तिथे एक तेली होता, एक तेलीण होती आणि दोघांचा एक पांढरा बैल होता. बैल घाणा ओढी, तेली तीळ घाली, तेलीण तेल विकी. तिघांपैकी एक जरी बसला तरी चूल पेटायची नाही.

तेलीण मोठी चोखंदळ. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी सगळा बाजार पालथा घालायची. मडकी वाजवून वाजवून बघायची आणि नेमकं सगळ्यात खालचं मागायची. भाजीवाली तिला लांबून बघूनच म्हणे, "आली गं बाई, आता देठसुद्धा उलटून बघणार."

एक दिवस काय झालं, तेली तिळाचं पोतं उचलायला गेला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हात लोंबायला लागला. तेलीण त्याला धरून वैद्यांच्या गल्लीत घेऊन गेली.

आता त्या नगराची एक रीत होती. वैद्य आपला दाम तोंडाने सांगत नसत. शालीखाली रोग्याचा हात घ्यायचा आणि दाबून सांगायचं. बोट दाबलं की एक रुपया, मूठ दाबली की दहा. आणि तो आकडा कुणाला सांगायचा नाही. सांगितला तर औषधाचा गुण जातो, असं म्हणत. कोण म्हणत? वैद्यच म्हणत. पण ऐकणारे माना डोलवत.

गल्लीच्या तोंडाशीच थोरल्या वैद्यबुवांची माडी होती. पागोटं एवढं मोठं की बुवांना दारातून तिरकं व्हावं लागे. त्यांनी शाल पसरली आणि तेल्याचा धड हात धरला. मूठ दाबली. परत मूठ दाबली. आता सोडतील म्हणावं, तर वर पाचही बोटं दाबली.

तेली पांढराफटक पडला. बाहेर आल्यावर तेलिणीने विचारलं, "अहो, किती म्हणाले?"

"सांगायचं नसतं. गुण जातो."

"औषध अजून पोटात नाही की अंगाला नाही. जायला गुण आलाय कुठे?"

तेल्याला ते पटलं. खाली बघत तो म्हणाला, "पंचवीस. बैल विकावा लागेल."

तेलीण मनात हिशेब मांडू लागली. बैल गेला तर घाणा बंद, घाणा बंद तर खायचं काय? पण नवऱ्याचा हात तरी कसा लोंबता ठेवायचा? दोघं बैल घेऊन गुरांच्या बाजारात गेली. तिथेही तीच तऱ्हा, दलाल उपरण्याखाली बोटं दाबत. पहिल्याने दाबली, तेलीण म्हणाली पुढे चला. दुसऱ्याने दाबली, म्हणाली अजून पुढे चला.

तेली कळवळला. "अगं, खांदा ठणकतोय. मागेल त्याला देऊन टाक."

"असं कसं? बैल विकायचा म्हणजे चार ठिकाणी विचारायला नको?" एवढं बोलली आणि मध्येच थांबली. "अहो, बैल विकायला आपण चार दलाल बघतोय. आणि ज्याच्यासाठी विकतोय, तो वैद्य एकच बघितला."

झालं. बैलासकट दोघं पुन्हा वैद्यांच्या गल्लीत.

दुसऱ्या वैद्याने एकच बोट दाबलं. तेल्याची कळी खुलली. पण तेलिणीचं लक्ष ओट्यावर बसलेल्या माणसांकडे गेलं. एकाचा हात पुढे जायच्या ऐवजी मागे जाई. दुसरा आपला कान खाजवायला गेला, तर बोट शेजाऱ्याच्या कानात.

"एवढे रोगी थांबलेत का?" तेलिणीने विचारलं.

"रोगी कुठले?" वैद्य अभिमानाने म्हणाला. "हे सगळे बरे झालेले."

तेलिणीने नवऱ्याला तिथून जे उठवलं, ते थेट गल्लीच्या टोकाला तिसऱ्या वैद्याकडे नेलं. तो शाल उचलायला गेला, तशी ती म्हणाली, "वैद्यबुवा, तोंडाने सांगा."

वैद्य गडबडला. "तोंडाने? आमच्या आजोबांपासून कुणी तोंडाने सांगितलं नाही."

"सांगून तर बघा. ठसका लागला तर पाणी देते."

वैद्य खाकरला, इकडेतिकडे बघितलं. "चार रुपये. त्यात लेप, पट्टी, मालिश सगळं आलं. परत निखळला तर फुकट बसवीन."

"कुणाचा बसवलाय याआधी?"

वैद्याने समोरच्या विहिरीकडे बोट केलं. तिथे बायकांच्या घोळक्यात एक बाई पाणी शेंदत होती. तेलीण तिच्याकडे गेली. "वहिनी, खांदा कसा आहे?"

"बघा की. भरली घागर उचलते."

"आणि दिले किती?"

बाई बावरली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "चार."

तेलीण तिच्या खांद्याकडे टक लावून बघत राहिली. विहिरीवरच्या सगळ्याच बघत राहिल्या. खांदा जागच्या जागी होता. बाईने घागर उचलून दाखवली.

मग काय, बांध फुटला. एक म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या हाताचे थोरल्या बुवांनी पंधरा घेतले." दुसरी म्हणाली, "आमच्याकडून वीस. वर कोंबडा."

इकडे तिसऱ्या वैद्याने तेल लावून हलका झटका दिला, खट्ट झालं आणि तेल्याचा खांदा बसला.

थोरले वैद्यबुवा तणतणत आले, पागोटं सावरत. "तेलीणबाई, तू आमच्या औषधाचा गुण घालवलास."

"गुण गेला असेल बुवा," तेलीण म्हणाली, "तर त्याच्याबरोबर थोडा दामही जाऊ द्या."

पुढच्या बाजाराला बुवा स्वतःच माडीवरून ओरडत होते, "खांदा सहा रुपये, लेपासकट." शाली साऱ्या गल्लीने थंडीसाठी ठेवून दिल्या.

तिसऱ्या वैद्याकडे रोग्यांची रीघ लागली. मालिशला तेल पुरेना, म्हणून त्याने सगळं तेल तेल्याच्याच घाण्यावरून घ्यायचं ठरवलं. घाणा असा चालला, असा चालला, की पांढऱ्या बैलाला जोडीला तांबडा बैल आला. दारात दोन बैल, घरात दोन माणसं आणि चारही जीव पोटभर जेवून निजू लागले.

तात्पर्य: दुखणं आपलं असलं तरी दाम विचारायला लाजू नये, चार ठिकाणी विचारावं, आणि विचारताना नुसता दाम नाही, गुणही बघावा.