रिकाम्या बाकांचा रविवार

वसईकडच्या एका गावात फादर डॉमनिक नवे आले. लोक नेमाने चर्चला येतात, पण घरी मुलांची दृष्ट काढतात आणि अमावास्येला होडी सोडत नाहीत, हे कळताच ते वेदीवरून कडाडले, "धर्माची शिकवण जो शब्दन्‌शब्द मानतो, त्यानेच पुढच्या रविवारी मिस्साला यावं!"

त्या रविवारी बाकं रिकामी. पहिल्या रांगेत एकट्या म्हाताऱ्या कात्रीनबाय.

फादर गहिवरले. "निदान तुमची तरी श्रद्धा पूर्ण आहे!"

"कुठली, फादर! आत्ताच नातीची दृष्ट काढून आले."

"मग आलात कशाला?"

"म्हटलं, तुम्ही तरी येता का ते पाहावं."

मग फादरांनी स्वतःच घंटेचा दोर धरला आणि सगळा गाव येईपर्यंत सोडला नाही.