दिसत नाही तो डिजिटल

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव म्हाळू. त्याच्या शेवंताआत्याचं एसटी स्टँडासमोर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथं गेमच्या कंपनीचे साहेब येणार होते. डब्यातले गेम किती विकले नि डिजिटल किती, हे नीट सांगितलं तरच आत्याला दिवाळीचा नवा माल मिळणार होता.

आत्या म्हणाली, "म्हाळ्या, विकलेले गेम मोज."

म्हाळूने फळीवरचे सगळे डबे मोजले.

"अरे, फळीवरचे नव्हेत! फळीवरून गेले ते."

"बरं आत्या."

दुपारी बोक्याने फळीवर उडी मारली. सगळे डबे धडाधड खाली. म्हाळू ओरडला, "आत्या, एका दमात सगळे खपले!"

आत्याने कपाळाला हात लावला. "मेल्या, दाराबाहेर गेला तरच विकला."

"बरं आत्या."

संध्याकाळी एका चोराने डबा काखोटीला मारला नि धूम ठोकली. म्हाळूने त्याच्यासाठी दार उघडून धरलं. वर म्हणाला, "पुन्हा या हं."

"चोराला दार उघडतोस? अरे, पैसे आले तरच विकला!"

"बरं आत्या."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडेकरवहिनी आल्या. पैसे दिले, आत्याकडून चिठ्ठीवर कोड घेतला नि निघाल्या. म्हाळू दारात आडवा.

"वहिनी, डबा विसरलात!"

"अरे, तो डिजिटल गेम," आत्या म्हणाली. "त्याला डबा नसतो. कोड घातला की घरी टीव्हीवर हवेतून उतरतो. पैसे आले, माल गेला, पण दिसला नाही, की डिजिटलमध्ये मोजायचा."

म्हाळूने चटकन पंखा बंद केला.

"पंखा का रे बंद केलास?"

"वहिनींचा गेम उडून भलत्याच्या घरात जायचा."

साहेब यायच्या दिवशी आत्या गरम भजी आणायला निघाली. जाताना तिनं म्हाळूच्या हातावर दहाची नोट ठेवली. "चहा पी. नि साहेब आले तर शहाण्यासारखा बोल."

ती वळते न वळते तोच साहेब हजर.

"डबे किती विकले?"

म्हाळूने बरोबर आकडा सांगितला. चोराचा डबासुद्धा त्यात धरला नाही. साहेब खूश झाले. दिवाळीचा माल लिहायला त्यांनी पेन उघडलं.

"वा! आणि डिजिटल?"

"गाडेकरवहिनींचा एक. नि आत्ताच गेला तो एक."

"आत्ता कुठला गेम गेला?"

"गेम नाही साहेब. आत्या."

"काय?"

"बघा ना. आत्या फळीवर आहे? नाही. दाराबाहेर गेली. पैसे आले." म्हाळूने नोट फडकवली. "आणि दिसतेय कुठं? म्हणजे डिजिटल!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. बॅग उचलली. तेवढ्यात भज्यांचा पुडा घेऊन आत्या धापा टाकत दारात उभी.

म्हाळूला कोण आनंद झाला. "थांबा साहेब! एक वजा करा. माल परत आला!"