उतावळ्या वानराची चेंडूफळी

नदीकाठच्या एका रानात एक तरुण वानर राहत असे. त्याच्या हातांत ताकद भरपूर होती, पण धीर म्हणाल तर चिमूटभरही नव्हता. उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले, की दोन्ही काठांचे प्राणी वाळूवर चेंडूफळीचा सामना खेळत. जो काठ जिंकेल त्याला बेटावरची जांभळे आधी खायला मिळत. मुलांनो, खेळ अगदी सोपा होता. समोरून आलेला चेंडू फळीने टोलवायचा, धावत जाऊन पळसाला शिवायचे आणि चेंडू परत येण्याआधी जागेवर यायचे, म्हणजे एक धाव. आवाक्याबाहेरचा चेंडू सोडून दिला तरी चालत असे, मात्र तीनदा फळी हवेत फिरली की खेळाडू बाद.

आपल्या वानराला प्रत्येक चेंडू पलीकडच्या टेकडीवर पोचवायचा असे. पलीकडच्या काठाचा कोल्हा हे ओळखून होता. त्या वर्षी त्याने एक चेंडू वानराच्या डोक्यावरून टाकला, एक जमिनीलगत आणि एक पार दूरवर. वानराने तिन्ही वेळा डोळे मिटून फळी फिरवली, आणि शेवटच्या वेळी तर स्वतःभोवती गिरकी घेऊन तो वाळूत बसला. जांभळे पलीकडच्या काठाला गेली. लहान सशांना रिकाम्या हातांनी घरी जाताना पाहून वानराला फार वाईट वाटले. त्या रात्री त्याला जेवण गेले नाही.

सकाळी तो अस्वलमावशीकडे गेला. तरुणपणी तिने या काठाला कितीतरी सामने जिंकून दिले होते. "मावशी, मला लांब मारायला शिकव," तो म्हणाला.

"आधी उभं राहायला शीक," मावशी म्हणाली. "फळी ठेव त्या झाडाखाली."

वानराला हे मुळीच आवडले नाही. मावशी त्याला पाय रोवून, गुडघे जरासे वाकवून उभे करी आणि त्याच्याकडे बोरे फेकी. मारायचे नाही, नुसते बघायचे आणि ओरडून सांगायचे, 'माझं' किंवा 'सोडलं'. कंटाळून एक दिवस तो पळून गेला आणि मित्रांबरोबर मनसोक्त फळी फिरवून आला. चेंडू एकदाही लागला नाही. संध्याकाळी तो मान खाली घालून परतला. मावशीने पुन्हा बोरांची ओंजळ भरली. हळूहळू वानराला बोर हातातून सुटताच कळू लागले, की ते कुठे येणार. मग मावशीने त्याच्या हातात फळी दिली आणि छोटा, सरळ फटका मारायला शिकवले.

पुढच्या उन्हाळ्यात सामना अगदी अटीतटीला आला. दोन्ही काठांच्या धावा सारख्या झाल्या आणि शेवटची पाळी वानराची आली. कोल्ह्याने हसत हसत पहिला चेंडू डोक्यावरून टाकला. वानर हलला नाही. दुसरा जमिनीलगत आला. वानराचे हात शिवशिवले, पण त्याने तोही सोडला.

"काय रे, झोप लागली का?" कोल्हा म्हणाला.

वानराच्याच काठावरचा रानडुक्कर चिडून म्हणाला, "अरे, मार की! बघत काय बसलास?"

वानराचे कान तापले. तरी त्याने पाय जागचे हलवले नाहीत. तिसरा चेंडूही दूरवरून गेला, तेव्हा पंच असलेले कासव सावकाश म्हणाले, "कोल्होबा, आणखी एक असा टाकलात, तर मी यांना धाव देऊन टाकीन."

आता कोल्ह्याचा नाइलाज झाला. त्याने सगळा जोर लावून चेंडू सरळ टाकला. चेंडू कमरेच्या उंचीवर येताना वानराला स्वच्छ दिसला. त्याने छोटासा फटका मारला. चेंडू टेकडीवर गेला नाही. तो कोल्ह्याच्या पायांमधून सळसळत निघाला आणि दूर करवंदीच्या जाळीत शिरला. वानर मात्र फळी धरून कौतुकाने बघतच राहिला.

"अरे, पळ आता!" मावशी ओरडली.

मग वानर असा सुटला, की पळसाला शिवताना त्याच्या हातात चार पाने आली. काटे टोचून घेत कोल्ह्याने जाळीतून चेंडू बाहेर काढला, तोवर वानर जागेवर पोचला होता. ससे नाचत बेटाकडे धावले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या, आणि रानडुकराने सर्वांत मोठा घोस स्वतः तोडून वानरापुढे आणून ठेवला.

तात्पर्य : पाया पक्का करावा आणि योग्य संधीची धीराने वाट पाहावी. मग छोटा फटकाही सामना जिंकून देतो.