रिकामा माग

"…म्हणजे माग मला देऊन टाकायचा म्हणतेस?"

"हो मास्तर. तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला द्यायला जीव होत नाही."

दामोदरसा मास्तरांनी मान वर केली नाही. येवल्यातल्या आपल्या घरात ते मागापुढे बसले होते आणि सांधणी चालली होती. विणून झालेली पैठणी मागावरून उतरवली, की जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावर तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडायचा, ही सांधणी. बोटाला राख लावायची, पीळ द्यायचा, पुढचा धागा घ्यायचा. महाकंटाळवाणं काम. पण मास्तर या वयातही ते कुणाला करू देत नसत, आणि कुणी मदतीला आलंच तर वर खेकसत.

बाहेरगावाहून आलेली उज्ज्वला दाराशीच बसली. याच खोलीत ती कधीकाळी विणायला आणि नक्षा काढायला शिकली होती. पदराचं, काठाचं जे चित्र बघून विणकर विणतो, तो नक्षा. पुढे तिचं नाव झालं. मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनांत तिचे पदर लागले, लोक तिला डिझायनर म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोला, तिला ते गोडही लागत होतं. मास्तरांकडचं येणं मग दिवाळीपुरतं उरलं. नंतर तेही बंद झालं.

"आणि तू काय करणार?"

"नाशिकला एका शोरूममध्ये नोकरी धरतेय. सोमवारपासून. दुसऱ्यांचे नक्षे बघायचे, पसंत करायचे."

"आणि तुझे?"

"माझे येत नाहीत."

"येत नाहीत म्हणजे? गावाला गेलेत का?"

उज्ज्वलाला हसू आलं नाही.

"श्रीरंग गेल्यापासून एक रेघ धड उमटलेली नाही, मास्तर. कागद पुढे घेऊन बसते, दुपारची संध्याकाळ होते. मोर काढला तर तो मागचाच. वेल काढली तर तीही मागचीच. मी आता पुन्हा काढणार नाही. ठरलंय माझं."

श्रीरंग तिचा नवरा. रंगारी होता. रेशीम रंगवण्यात गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिनं नक्षा काढायचा, त्यानं रंग द्यायचा आणि मग दोघांनी त्यावरून कडाकडा भांडायचं, असा त्यांचा संसार. गेल्या पोळ्याला तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला आणि घरात भांडायलाही कुणी उरलं नाही. तिनं एकटीनं भांडून पाहिलं. पण आपलंच म्हणणं आपणच दोनदा ऐकायचं म्हणजे जीव विटून जातो.

"काही उपाय केलेस?"

"केले की. अजिंठ्याला जाऊन आले. विपश्यनेला बसले. पुण्याच्या एका बाईंच्या वर्गाला गेले, त्यांनी डाव्या हातानं काढायला लावलं."

"मग काय निघालं?"

"डाव्या हातानं काढलेला मोर."

मास्तरांची मिशी जराशी हलली.  धाग्याला पीळ बसला, पुढचा धागा बोटात आला.

"सगळे म्हणतात, पाटी कोरी कर, नव्यानं सुरुवात कर. तेही केलं. जुने कागद रद्दीत घातले. घर आवरलं. माग झाडून पुसून लख्ख केला. एक धागा ठेवला नाही त्याच्यावर."

मास्तरांचा हात थांबला.

"जुन्या ताण्याची टोकं?"

"कापली."

"कात्रीनं?"

"हो."

…

"अगं भवाने!" मास्तर असे कडाडले की ओट्यावरची मांजर उठून चालती झाली. "पहिल्या दिवशी मागाला हात लावणारं पोरही असं करत नाही! फणीतून एकेक धागा पुन्हा ओवायचा म्हणजे काय पोरखेळ वाटला तुला? मी शिकवलं होतं तुला हे?"

"मला बघवत नव्हतं!" उज्ज्वलाचा आवाज फुटला. "स्वयंपाकघरातून बाहेर आलं की समोर तीच टोकं लोंबकळत. ती टोकं ज्या पैठणीची, तिच्यावरूनच आमचं शेवटचं भांडण झालं होतं. आता तो नाही, तर ती कुणासाठी जोडत बसू? घर खायला उठतं हो मास्तर. तुम्हाला काय ठाऊक, सबंध दिवस कुणी हाक मारत नाही म्हणजे काय होतं ते."

मास्तरांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. बोलून गेल्यावर तिला ते आठवलं आणि तिनं जीभ चावली.

मास्तर उठले, पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

…

ती पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग माग कधी पाठवू?"

"मी घेत नाही."

"का?"

"शेजारणीचं पातेलं परत करताना रिकामं देतेस का गं?"

"नाही."

"मूठभर साखर तरी घालतेस ना? आणि गुरूला रिकामा माग द्यायला निघालीस. भरून आण. मग घेईन."

उज्ज्वलाला राग आला. एवढ्या लांबून आपण कशाला आलो, आणि हा म्हातारा कशावर अडून बसलाय! "भरू कशानं? नक्षाच नाही म्हणून तर…"

"नक्षा कुणी मागितलाय? ताणा भरून आण म्हणतोय मी. साधं रेशीम. घरात नाही का?"

"घरात…"



"आहे की नाही?"

"आहे."

"कुणाचं?"

"त्याचंच. जायच्या आधी रंगवलेलं. बांबूवर टांगलंय, तसंच आहे."

"रंग कुठला?"

किती दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. 

"गाभुळलेली चिंच असते ना मास्तर, तसा. टरफल फोडलं की आत धड हिरवाही नसतो आणि धड तांबडाही नसतो बघा. मी म्हटलं, अरे बाबा, याला काठ कुठला शोभायचा? तर म्हणतो कसा, ते तू शोध, तुझं काम आहे. मेला! असा रंग कुणी देतं का? जांभळा काठ लावला तर तो या रंगाला गिळून टाकेल. मोर तर नकोच, मोरानं वाट लागेल त्याची. काहीतरी अगदी बारीक हवं. चिंचेचा पाला असतो तेवढंच, एकाआड एक, आणि मध्ये मोकळी जागा सोडायची…"

मागाशेजारी जमिनीवर राख सांडली होती. तिचं बोट त्या राखेत फिरत होतं. इवली इवली पानं, एकाआड एक. बरीच झाली होती.

तिचं तिलाच दिसलं. तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि मूठ आवळली.

मास्तर राखेकडे बघत होते. तिच्याकडे नाही.

"मग? चढवतेस ते मागावर?"

"नाही."

"का नाही?"

…

"एका साडीपुरतंच आहे."  ती म्हणाली, "त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे. रोज उठून बघते, आहे ना म्हणून. कागद पुढे ओढला की तेच डोळ्यांपुढे येतं आणि हात गारठतो. ते मागावर चढवलं की विणलं जाणार. कुणीतरी परकी बाई येणार, नेसून निघून जाणार. मग घरात त्याचं काय उरलं? संपून जाईल हो ते, मास्तर!"

मास्तरांनी राखेत बोट बुडवलं. पुढचा धागा उचलला. सावकाश पीळ दिला.

"संपव," ते म्हणाले.