शाईची सहाण

तुम्हीच सांगा, सात विद्वानांची नावं कोरलेल्या सहाणेवर कुणी मीठवालीच्या अर्जासाठी शाई उगाळेल का?

शाओ-युनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चीनमधल्या त्या डोंगरावरच्या मठात तो शिकायला राहिला, तो या सहाणेसाठीच. जांभळट दगड, कडेला कोरलेले ढग आणि बगळे, तळाशी एकेका मालकाचं नाव. पुढचं नाव आपलं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"गुरुजी, ही रेशमातून बाहेर काढलीतच कशी?"

"दोन्ही हातांनी."

"थट्टा नको! रोजची सहाण आहे ना?"

"तिच्यावर शाई गोठते. बघ."

खरंच गोठली होती. दाराशी चिउ-नियांग मीठवाली कुडकुडत उभी होती. तिच्या नवऱ्यावर चोरीचा खोटा आळ आला होता. सकाळी त्याला खाणीवर धाडणार होते.

"मग उद्या ऊन आलं की लिहा," शाओ-युन म्हणाला.

"अहो दादा, त्याआधीच गाडी सुटते!" ती भडकली. "दगड मोठा, की माझा माणूस?"

"दगड? बाई, थोरामोठ्यांनी यावर शाई उगाळून..."

"काय लिहिलं?" गुरूंनी विचारलं.

त्यांची नावं त्याला पाठ होती. हुद्दे पाठ होते. दगड कुठल्या खाणीतला, तेही. लिहिलेलं...

गुरूंनी पाण्याची कुपी उपडी केली. थेंब पडेना, आत बर्फ.

मग ते वाकले आणि सहाणेवर तोंडाची ऊब सोडली. दगड ओलसर झाला. आणखी एक श्वास. शाईची कांडी फिरू लागली.

अस्सल दगड श्वासाने पाझरतो, हे शाओ-युनने कितीदा वाचलं होतं. करून पाहिलं नव्हतं. डाग पडेल म्हणून.

तरी त्याचा राग उतरेना.

"चाळीस वर्षं ही तुमच्याकडे आहे. तळाला तुमचं साधं नाव नाही! हा मान राखलात तिचा?"

"कोरायला बसलो होतो," गुरू म्हणाले. "कुणीतरी दार वाजवलं."

"आणि नंतर?"

"नंतरही..."

अर्ज अर्धाच झाला होता. सहाण पुन्हा कोरडी पडली. गुरूंना धाप लागली होती. त्यांनी ती शाओ-युनपुढे सरकवली.

"माझा श्वास पुरत नाही. तुझा घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज वेळेत पोचला. कैद्यांची गाडी सुटली, तेव्हा चिउ-नियांगचा नवरा तीत नव्हता.