थोरल्या पुलीचा फेरा

यंत्रं अजून पट्ट्यावर चालत होती, तेव्हाची ही गोष्ट. तातोबा मिस्त्रींच्या लेथला दोन पुल्या होत्या, एक वाटीएवढी आणि एक परातीएवढी. धाकटी लेथवर भिंगरीसारखी फिरायची. थोरली एरवी भिंतीला टांगलेली असायची.

"माझे चार फेरे होतात तेव्हा कुठे तुझा एक होतो," धाकटी हिणवायची. "तुझ्यापेक्षा जातं बरं!"

ऐन हंगामात गुऱ्हाळाच्या चरकाची, ऊस पिळणारी जाडजूड लोखंडी लाट कातायला आली. तिच्यावाचून चरक बंद होता आणि तोडलेला ऊस वाळत होता. धाकटी तोऱ्यात फिरू लागली. पण हत्यार लोखंडाला भिडताच धूर निघाला, धार जळाली, पट्टा घसरला आणि लेथ जागीच थांबला.

"अगं, तुझ्यावरून धावलो काय, थोरलीवरून धावलो काय, माझी धाव तेवढीच," पट्टा धापा टाकत म्हणाला. "तू त्या धावेचा वेग करतेस, थोरली तिचा जोर करते."

तातोबांनी हत्याराला धार लावली, धाकटीला उतरवलं आणि थोरलीला चढवलं. ती सावकाश फिरू लागली आणि लोखंडाची साल वेटोळी घालत खाली पडू लागली. संध्याकाळी लाट बैलगाडीतून गुऱ्हाळाकडे निघाली.

दर खंडेनवमीला धाकटी झेंडूचा हार पहिल्याच फेऱ्यात भिरकावून द्यायची. त्या वर्षी तातोबांनी तो थोरलीला घातला आणि लेथ सुरू केला. थोरली हार मिरवत फिरली. एक पाकळी गळली नाही.

भिंतीवरून धाकटीच पहिली ओरडली, "फिर गं बाई, दिमाखात फिर!"