यंत्राला लावलेली तीट

एकदा एक वृद्ध शास्त्रज्ञ होते. सुई न टोचता, चाकू न लावता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने शरीराच्या आतले पाहावे, या एका ध्यासात त्यांचे आयुष्य गेले होते. लहानपणी आपण विजेरीवर पंजा ठेवतो आणि बोटे आतून लालभडक दिसतात ना, मुळात तेवढीच गोष्ट. पण त्या लालीच्या मागे ते जन्मभर चालत राहिले. प्रकाश कातडीतून आत शिरतो, वाट चुकत हिंडतो आणि त्यातला थोडासा परत बाहेर येतो. जिथे रक्त साकळलेले असते, तिथून तो आणखी कमी परततो. परतलेल्याला नीट विचारले तर आतली हकीकत कळते, असे ते सांगत.

त्यांची एक शिष्या होती. हुशार, कष्टाळू आणि जराशी उतावळी. तान्ह्या बाळांसाठी तिने मुठीत मावेल एवढे यंत्र बनवले होते. बाळ पडले, डोक्याला मार लागला, तर डावी आणि उजवी बाजू ताडून पाहून, आत रक्त साकळले आहे का, हे ते सांगणार होते. बाळाच्या डोक्याऐवजी, दूध घालून थिजवलेल्या पांढऱ्या वड्यांवर ती ते वर्षानुवर्षे पारखत आली होती. वडीच्या पोटात काळ्या शाईचा थेंब दडवायचा आणि यंत्राने तो शोधायचा. यंत्र दर वेळी शोधत असे. मैत्रिणींची मुले शाळेत जाऊ लागली, घरचे विचारून विचारून दमले आणि ही आपली वड्या थिजवत बसलेली. एकदा तिची आई म्हणालीसुद्धा, "एवढा खरवस करतेस, कधी वाटीभर घरी आण की!" आईला हसू आले, हिला आले नाही.

शेवटी एका व्यापाऱ्याने आपल्या कारखान्यात ही यंत्रे बनवायची तयारी दाखवली. पण त्याची एक अट होती. "वडीतली शाई मला दाखवू नका मॅडम, ती तुम्हीच घातलेली असते," तो म्हणाला. "खऱ्या बाळात काही सापडू द्या. मग बोलू."

त्या दिवसापासून शिष्या यंत्र घेऊन मुलांच्या रुग्णालयात जाऊ लागली. बाळे येत, ती तपासत असे. काही नाही. दुसरे बाळ. काही नाही. संध्याकाळी जिना उतरताना तिचे पाय जड होत. गुरू विचारत, "आज काय?" ती मान खाली घालून म्हणे, "आजही काही नाही, सर."

एके दिवशी तो व्यापारी स्वतःच रुग्णालयात आला. गुरूही आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. त्याच वेळी एक तरुण आई बाळाला छातीशी घट्ट धरून आत आली. घरी दूध उतू जाते म्हणून ती क्षणभर वळली होती आणि तेवढ्यात बाळ दिवाणावरून खाली पडले होते. एकदा उलटीही झाली होती. डॉक्टरांनी बाळाला पाहिले. "खेळतोय छान. बहुधा काही नसेल, पण आजचा दिवस नजरेखाली ठेवू," ते म्हणाले. आईची संमती घेऊन त्यांनी शिष्येला बोलावले. सिस्टरने बाळाच्या कपाळावरची काजळाची तीट खसाखसा पुसली आणि शिष्येने यंत्र उजव्या कानामागे टेकवले. सारे ठीक. मग ते डाव्या कानामागे टेकवले.

यंत्राला जोडलेल्या पडद्यावर काळा डाग उमटला.

तिने पुन्हा टेकवले. पुन्हा तोच डाग, त्याच जागी. व्यापारी खुर्चीतून उठून पुढे आला. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. "मग थांबायला नको," ते म्हणाले. "मोठ्या रुग्णालयात हलवू. तिथे पुढच्या तपासण्या करतील. कदाचित डोकं उघडावं लागेल."

"उघडावं म्हणजे?" आईने डॉक्टरांची बाही धरली. "अहो, तो हसतोय की! बघा ना तुम्ही, हसतोय तो!"

तेव्हा गुरू स्टुलावरून उठले. त्यांनी कोमट पाणी आणि मऊ फडके मागवले. सगळे चकित झाले. फडके पिळत ते आईजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "पोरी, कपाळावरची तीट पुसली. दुसरी कुठे लावलीस?"

आईचे डोळे भरून आले. "तुम्ही रागवाल."

"नाही रागवणार."

"कानामागं. केसांत," ती पुटपुटली. "इथं कपाळावरची राहू देत नाहीत, म्हणून तिथं लावली. पडला त्याच सकाळी शेजारीण म्हणाली होती, काय गुटगुटीत झालाय गं तुझा. माझ्या जिवाला तेव्हापासून चैन नाही. म्हणून चांगली बोटभर लावली."

गुरूंनी बाळाच्या डाव्या कानामागचे केस सारून हलक्या हाताने पुसून काढले. फडके काळेकुट्ट झाले. "आता बघ," ते शिष्येला म्हणाले.

तिने पाहिले. डावी बाजू उजवीसारखीच होती. तिने परत परत पाहिले. डाग नव्हता.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. शिष्या मात्र आईवर उखडली. "अहो, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"ताई, तुम्ही विचारलंच नाही," आई म्हणाली.

"म्हणजे आज पण काही नाही," व्यापारी म्हणाला आणि त्याने बॅग उचलली.

"थांबा जरा," गुरू म्हणाले. त्यांनी आईकडून काजळाची डबी मागून घेतली. आधी बाळाच्या तळपायाला ठसठशीत तीट लावली. बाळाने पाय झाडला. मग तेच बोट त्यांनी शिष्येच्या पांढऱ्याशुभ्र यंत्रावर, मुठीजवळ, टेकवले. तिथे काळा ठिपका उमटला.

"अहो सर!" व्यापारी हसत सुटला. "हे काय? मी गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"सांगा, यंत्र देखणं आहे, म्हणून लावली," गुरू शांतपणे म्हणाले.

शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. व्यापारी गेल्यावर, बाहेरच्या बाकावर बसून ती म्हणाली, "सर, तुम्ही हयातभर शास्त्र शिकवलंत. आणि आज सगळ्यांसमोर यंत्राला तीट?"

गुरू म्हणाले, "तो डाग फार रेखीव होता. खोलवरून परतलेला प्रकाश इतकं ठळक कधी बोलत नाही, तो पुसट बोलतो. हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मग आज का आठवलं नाही?"

ती मांडीवरच्या यंत्राकडे बघू लागली.

"सगळे पडद्याकडे बघत होते, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. एका लेकराच्या डोक्यात रक्त दिसलं, आणि पोरी, तुझा चेहरा उजळला."

शिष्येने ओढणीने तोंड झाकले.

"तू वाईट नाहीस गं. पण वर्षानुवर्षं तू प्रत्येक वडीत शाई घातलीस. एकही वडी रिकामी केली नाहीस. सापडण्याचीच सवय लागली की 'काही नाही' हे अपयश वाटायला लागतं. त्या बाईला दृष्टीची भीती वाटते आणि आपण मनात हसतो. पण दृष्ट म्हणजे तरी काय? समोरच्या लेकराऐवजी स्वतःची इच्छा पाहणारी नजर. शेजारणीची लागते की नाही, मला माहीत नाही. आपली मात्र आज लागली असती. यंत्र हातात घेशील तेव्हा हा ठिपका आधी दिसेल. तो दिसला की स्वतःला विचार, आज मला काय सापडायला हवंय? आणि मग लेकराकडे बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला घरी सोडायचे होते. रात्रभर ते छान झोपले होते, दूधही प्यायले होते. आई मात्र जागीच होती. शिष्येने आधी तिला विचारले, "आज कुठे लावलीय?" आई लाजून हसली. "पायाला. डोक्याला नाही, शप्पथ." शिष्येने पुन्हा एकदा तपासले. आईने श्वास रोखून धरला होता.

"काय दिसलं ताई?"

"काही नाही," शिष्या म्हणाली.

आई मटकन खाली बसली. बाळाच्या पोटात तोंड खुपसून ती रडू लागली, मध्येच हसू लागली. शिष्या पाहतच राहिली. हेच दोन शब्द तिने किती आयांना सांगितले होते, आणि दर वेळी मान खाली घालून. त्यांचे चेहरे तिने पाहिलेच नव्हते. हे दोन शब्द ऐकायलाच तर त्या सगळ्या जिना चढून आल्या होत्या.

ती प्रयोगशाळेत परतली आणि तिने नव्या वड्या थिजवल्या. काहींत शाई घातली, काही कोऱ्याच ठेवल्या आणि कोणती वडी कोणती हे आपल्याला कळू नये म्हणून सहकारिणीकडून त्यांची सरमिसळ करून घेतली. यंत्राने एका कोऱ्या वडीतही शाई दाखवली. ती पुन्हा कामाला बसली. पुढची कित्येक वर्षे त्यात गेली. तो व्यापारी फिरकला नाही, उशिराने दुसरा आला. कोऱ्या वडीला कोरी म्हणता येईपर्यंत तिने एकही यंत्र बाहेर जाऊ दिले नाही.

आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. तिच्या यंत्रांवर मुठीजवळ एक काळा ठिपका असतो. नवे विद्यार्थी विचारतात, "बाई, हा डाग कसला?" ती हसते आणि म्हणते, "आधी बाळाला तपासून ये. आणि परत येताना, काही नसेल तर, त्याच्या आईचा चेहरा बघून ये."

दुसऱ्याच्या लेकराकडे पाहण्याआधी आपल्या नजरेला एक तीट लावून घ्यावी.